हंगामातला फोन आणि लाइनींचा हिशेब



गाळप सुरू झाले की शेतकी ऑफिसचा फोन सकाळी ८ ते १० या वेळात खाली ठेवता येत नाही. तोड कधी, टोळी कुठे, ट्रॅक्टर का आला नाही! मार्गासनीच्या सभासदाचा ऊस तोडून फडात पडला आणि इकडे फोन एंगेज लागला, तर वजन त्याचे घटते आणि उतारा सर्वांचा. म्हणून कारखान्याला बाहेरच्या लाइनी, म्हणजे ट्रंक, किती लागतात हे सभासदांनाही ठाऊक हवे. (भोरहून पुण्याला ट्रंक कॉल लावून ताटकळलेली जुनी मंडळी या शब्दाला हसतील.)

समजा, गर्दीच्या तासात १२० फोन आले व प्रत्येक ३ मिनिटे चालला. ३६० मिनिटांचे बोलणे ६० मिनिटांत, म्हणजे सरासरी ६ लाइनी कायम गुंतलेल्या. मग ६ पुरेत, असे कोणीही म्हणेल. पण फोन पाळीने येत नाहीत. काट्यावर गाड्या याव्यात तसे एकदम येतात. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एर्लांग यांनी १९१७ साली मांडलेल्या सूत्राने पाहिले, तर ६ लाइनींवर शंभरातले २६ फोन परत जातात. शंभरात एकच परत जावा म्हटले, तर १३ लाइनी हव्यात.

आता व्हिडिओचे. हुमणी लागलेला ऊस फडातूनच दाखवता आला, तर वेल्ह्याच्या डोंगरातली आमची एक फेरी वाचते. सोय चांगली, पण हा फोन खादाड! इंटरनेटच्या लाइनवर साधे बोलणे, आवाज न दाबता, सेकंदाला सुमारे ८७ किलोबिट जागा घेते. व्हिडिओ सहज १,००० घेतो. २ मेगाबिटच्या लाइनवर २२ साधे फोन बसतात. एक व्हिडिओ शिरला की उरतात जेमतेम ११. आपल्याला तर १३ हवेत. त्यातही जादा फोन घुसले, तर एंगेज न लागता सर्वांचेच बोलणे तुटक होते. चारीच्या तोंडाला कुणी मोठी मोटर टाकली की टेलच्या शेतकऱ्याचे होते, तेच.

एकाच वेळी किती फोन घ्यायचे ही मर्यादा एक्सचेंजमध्ये घालता येते. ती घालावी, आणि व्हिडिओचा वाटा वेगळा धरूनच नवी लाइन मागवावी, असे आमचे मत आहे. मागवताना जाणाऱ्या बाजूचा वेगही विचारावा. पुष्कळदा तो येणाऱ्यापेक्षा कमी असतो.

तोवर फड दाखवायचा असेल, तर सभासदांनी व्हिडिओ दुपारी १२ नंतर लावावा. सकाळची वेळ तोडीच्या फोनांना मोकळी सोडावी, ही विनंती.