शंखशिंपल्यांची कुळकथा (लेखांक सातवा) : कवडीचे गोत्र

चांदवडच्या डोंगरकपारीतील रेणुकामातेच्या दर्शनाला नवरात्रात जी माणसे येतात, त्यांतील कित्येकांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. समुद्र येथून घाटाखाली कितीतरी कोस दूर, तरीही त्या माळेतील एकेक कवडी म्हणजे एका सागरी गोगलगाईने आपल्या देहाभोवती रचलेले घर होय, हे माळ ओवणाऱ्याच्याही सहसा ध्यानी येत नाही.

ओवण्यासाठी पाठ फोडलेली नसेल अशा दोन कवड्या उजेडात धराव्यात. एकीच्या पाठीवर नारिंगी कडे उमटलेले असते. दुसरी पिवळसर, कडांना गाठाळ, जवळजवळ षट्कोनी. लिनियसने 1758 साली या दोघींना अनुक्रमे ‘ॲन्युलस’ आणि ‘मोनेटा’ ही नावे देऊन इतर कवड्यांसह ‘सायप्रीया’ या एकाच प्रजातीच्या दप्तरात दाखल केले. आधार काय, तर कवचाचा घाट, रंग आणि तोंडाच्या चिरेवरील दात. परंतु कवच ही वयानुसार पालटणारी साक्ष आहे: पोरवयात कवडीचे कवच पातळ आणि साध्या गोगलगाईसारखे वेटोळ्याचे असते; प्रौढपणी त्याचा ओठ आत वळतो, दात फुटतात, आणि प्रावरणाच्या दोन पाळ्या दोन्ही अंगांनी वर येऊन त्यावर झिलईचे थर चढवीत राहतात. ज्याने मधली अवस्था पाहिली नाही, तो पोर आणि प्रौढ यांना दोन जाती ठरवील, यात नवल नाही.

पुढे ट्रोशेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने गोगलगाईंच्या जिभेवरील सूक्ष्म दातांच्या ओळी तपासल्या. आज या दोन्ही कवड्या ज्या ‘मोनेटारिया’ प्रजातीत गणल्या जातात, ते नाव त्याने 1863 साली दिलेले. आपल्याकडे सुब्रह्मण्यम्, करंदीकर आणि मूर्ती यांनी मुंबईच्या किनाऱ्यावरील गोगलगाईंची जी नोंद 1950 नंतरच्या वर्षांत केली, तिचाही पाया प्रामुख्याने कवचच होता, आणि त्या कष्टांचे मोल मला आजही मोठे वाटते.

कवडीकुलाच्या फेरफाराला खरा वेग आला तो तंतुकणिकांतील जनुकांमुळे. ख्रिस्तोफर मायर यांनी 2003 साली त्यांच्या आधारे या कुलाची वंशावळ मांडली. 2005 साली त्यांनी गुस्ताव पॉले यांच्यासह जनुकांची कसोटीच कसोटीला लावली. ज्या कुलाची नोंद पुरती झाली आहे, तेथे जात ओळखताना किमान चूक शेकडा 4 निघाली. मात्र अर्धवट नोंदलेल्या कुलात केवळ जनुकांतील अंतर मोजून नवी जात ठरवू गेल्यास ती सुमारे 17 वर गेली. म्हणजे कवच, दात, सापडल्याचे ठिकाण आणि जनुके यांचा जबाब एकत्र घेतल्यावाचून निवाडा देणे धाडसाचे आहे.

वाचकांना विनंती एवढीच, की किनाऱ्यावर कवडी वेचाल तर तिच्यासोबत गावाचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी. त्या चिठ्ठीवाचून संग्रहालयात तिचा पुरावा लागू पडत नाही.