एच.आय.व्ही. आणि जन्मजात कवच

'नवऱ्याला एच.आय.व्ही. आहे, पण इतक्या वर्षांत बायकोला काही झाले नाही. म्हणजे तिच्या रक्तातच ताकद असणार!' असे बोलणे दवाखान्यात अनेकदा कानी येते. त्यात तथ्य किती, ते पाहू.

एच.आय.व्ही.चा विषाणू शरीराचे रक्षण करणाऱ्या काही पांढऱ्या पेशींमध्ये शिरतो. त्यासाठी त्याला पेशीच्या आवरणावरील दोन प्रथिनांचा आधार लागतो. पहिले सीडी-४ आणि दुसरे बहुधा सीसीआर-५. घराच्या दाराला दोन कड्या असाव्यात, तसे हे आहे. दोन्ही निघाल्याशिवाय आत प्रवेश नाही.

१९९६ साली शास्त्रज्ञांना असे आढळले की, काही माणसांमध्ये सीसीआर-५ तयार करणाऱ्या जनुकाचा छोटासा तुकडा जन्मतःच गळालेला असतो. असे जनुक आई व वडील दोघांकडून मिळाले, तर हे प्रथिन पेशीवर येतच नाही आणि बहुतेक प्रकारचे विषाणू बाहेरच राहतात. एकाकडूनच मिळाले, तर लागण होऊ शकते; मात्र आजार सावकाश वाढतो. बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राउन या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला २००७ व २००८ साली अशा दात्याच्या मूळपेशी देण्यात आल्या आणि त्याचा एच.आय.व्ही. नाहीसा झाला. पण हा उपचार जिवावर बेतणारा असल्याने सर्वांसाठी नाही.

हे दुहेरी कवच उत्तर युरोपातही शंभरात सुमारे एकालाच असते. भारतीयांमध्ये ते जवळजवळ आढळतच नाही. शिवाय विषाणूचे काही प्रकार दुसऱ्याच प्रथिनाच्या मदतीने आत शिरतात.

मग त्या पत्नीला लागण का झाली नाही? प्रत्येक संबंधातून लागण होतेच असे नाही. औषधांमुळे पतीच्या रक्तातील विषाणू कमी झालेले असू शकतात. कारण कोणतेही असो, आज वाचली म्हणून उद्या वाचेलच, याची हमी नाही.

तेव्हा पतीने एआरटीच्या गोळ्या एकही दिवस न चुकवता घ्याव्यात. तपासणीत विषाणू सापडेनासे झाले व तसेच राहिले, तर संबंधातून लागण होत नाही. तोवर निरोध प्रत्येक वेळी वापरावा आणि पत्नीनेही डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने तपासणी करावी. शासकीय केंद्रांत तपासणी व औषधे मोफत मिळतात आणि नाव गुप्त ठेवले जाते. रक्तातल्या ताकदीवर विसंबू नका. गोळीवर आणि काळजीवर विसंबा.