दरबारानंतरचा दरबार

संस्थाने विलीन झाली तेव्हा आता गवयांचे कसे होणार, ही चिंता आमच्यासारख्या दरबारी गाण्याच्या घरांतून होती. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी विलीन झाले; आणि वर्ष उलटण्यापूर्वीच, ८ जानेवारी १९५० रोजी, धारवाडचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. शाहू महाराजांच्या पदरी अल्लादियाखाँसाहेब होते. त्यांच्या पुत्रांचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर पुढे याच केंद्राचे संगीत सल्लागार झाले. आश्रय संपला नाही, त्याने घर बदलले.

बेळगावच्या कॅम्पात या नव्या दरबाराची बैठक कशी भरे, ते मी तेथील वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. छपरावर एरियलची तार, व्हॉल्व्ह तापेपर्यंत खरखर, आणि शेजारपाजारची मंडळी सतरंजीवर. धारवाड कानडीत बोले, मुंबई-पुणे मराठीत. काटा फिरविणाऱ्याला सरहद्द आड येत नसे. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला निघाले आणि १९५५ च्या रामनवमीपासून तेथून गदिमा-फडक्यांचे गीतरामायण घरोघर पोहोचले. त्याआधीच, १९३८ पासून नभोवाणीच्या नोकरीत असलेल्या बा. सी. मर्ढेकरांनी ‘कर्ण’, ‘बदकांचे गुपित’ अशा संगीतिका लिहिल्या होत्या. पडदा नाही, पोशाख नाही. पद्याची लय हीच रंगभूमी. मग एखादे भाषण, नेमक्या मिनिटांत संपणारे. १९५२ पासून शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रमही लागू लागला.

या दरबाराचा एक हुकूम मात्र बेळगावला बोचणारा होता. पेटीच्या ठरीव पट्ट्यांतून मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत, म्हणून १९४० साली नभोवाणीवर तिला बंदी झाली. ती सैल व्हायला सुमारे तीन दशके लागली. रेडिओवर सारंगी वाजे. आणि बेळगावात रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) पेटीच्याच विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवीत राहिले. मी स्वतः पेटी शिकवितो. आक्षेप शास्त्राने खरा, हे मला मान्य आहे. पण गाणाऱ्याचा श्वास ओळखून साथ कशी करावी, हे शास्त्राच्या पलीकडचे आहे.

आज हवे ते गाणे हव्या त्या क्षणी मिळते. तेव्हा बागेश्री लागली की बागेश्रीच ऐकावी लागे. म्हणून आठवड्यातून एकदा मी विद्यार्थ्यांना एक पूर्ण राग ऐकवितो. निवड त्यांची नाही, मध्येच थांबवायचे नाही. पहिली दहा मिनिटे चुळबुळ होते. मग त्यांना तंबोरा ऐकू येऊ लागतो.