मिसेस बेनेटला मुलींच्या लग्नाची एवढी घाई का असते?

पावसात भिजलेला डार्सी आणि त्याच्यासमोर चिडून उभी असलेली एलिझाबेथ. २००५ साली आलेल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ सिनेमातला हा सीन रील्समध्ये अजूनही फिरत असतो. सिनेमा पाहिलेल्यांना आणखी एक पात्र हमखास आठवतं, ते म्हणजे एलिझाबेथची आई. पदरी पाच मुली, आणि शेजारच्या बंगल्यात एक श्रीमंत तरुण राहायला आला म्हटल्यावर या बाईंची नुसती धावपळ. प्रेक्षक तिला हसतात. १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत जेन ऑस्टिननेही तिची भरपूर थट्टा केली आहे.

पण या बाईंचा हिशोब अगदी बरोबर होता. तो एकदा समजला की अशा कथांमधले बॉल, चहापान, चोरटे कटाक्ष, सगळंच वेगळं दिसायला लागतं.

घर आहे, पण मुलींचं नाही

बेनेट कुटुंबाची लाँगबोर्न नावाची इस्टेट आहे. तिचं उत्पन्न वर्षाला २ हजार पाउंड, म्हणजे त्या काळात आरामात राहता येईल इतकं. अडचण एकच, इस्टेटीवर ‘एंटेल’ आहे.

एंटेल म्हणजे पूर्वजांनी मालमत्तेवर घालून ठेवलेली अट. अशी इस्टेट मालकाला विकता येत नाही आणि मृत्युपत्र करून हवी त्याला देताही येत नाही. ती ठरलेल्या वारसाकडेच जाते, आणि लाँगबोर्नच्या बाबतीत तो वारस पुरुषच असायला हवा. इंग्लंडच्या जमीनदारांना आपली इस्टेट अखंड ठेवायची होती. जमिनीचे तुकडे झाले की घराण्याचं वजन संपलं, असा साधा विचार त्यामागे होता.

सगळ्याच इस्टेटींना अशी अट नसायची. याच कथेतल्या लेडी कॅथरीनची मुलगी आईवडिलांच्या इस्टेटीची वारस आहे. बेनेट मुलींचं नशीब तेवढं नव्हतं. आपल्याला मुलगा होईल आणि तो मोठा झाला की त्याच्या संमतीने ही अट मोडता येईल, असं मिस्टर बेनेट धरून चालले होते. त्या भरवशावर त्यांनी पैसेही साठवले नाहीत. मुलगा झालाच नाही. त्यामुळे ते गेले की घर आणि जमीन मिस्टर कॉलिन्स नावाच्या लांबच्या नातेवाइकाची होणार, आणि तो म्हणेल त्या दिवशी आईला आणि पाच मुलींना बाहेर पडावं लागणार.

४० पाउंड विरुद्ध १० हजार पाउंड

मुलींच्या वाट्याला मग काय उरतं? आईच्या पश्चात एलिझाबेथला मिळणार आहेत १ हजार पाउंड. ४ टक्के व्याजाने वर्षाचे ४० पाउंड झाले. डार्सीचं वार्षिक उत्पन्न आहे १० हजार पाउंड, म्हणजे तिच्या अडीचशे पट.

म्हणूनच डार्सी बॉलमध्ये पाऊल ठेवतो आणि काही मिनिटांत त्याच्या उत्पन्नाचा आकडा हॉलभर होतो. आज हे ऐकायला उथळ वाटतं. पण जिच्याकडे स्वतःचं काहीच नाही, तिच्यासाठी तो आकडा म्हणजे डोक्यावरचं छप्पर होतं.

नोकरी करायची म्हटली तर? वकिली, सैन्य, चर्च हे पेशे स्त्रियांना बंद होते. ‘चांगल्या घरच्या’ मुलीला करता येईल असं मुख्य काम एकच, श्रीमंतांच्या मुलांना शिकवणारी गव्हर्नेस होणं. १८४७ साली आलेल्या शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’ची नायिका हेच काम करते. तिचा पगार होता वर्षाला ३० पाउंड.

नकाराची किंमत

हे लक्षात ठेवून आता कॉलिन्सचा प्रसंग पाहा. तो एलिझाबेथला मागणी घालतो तेव्हा पडद्यावर धमाल उडते. पण तिने होकार दिला असता तर घर घरातच राहिलं असतं. ती नाही म्हणते, तेव्हा आई आणि चार बहिणींचा निवाराही पणाला लागलेला असतो.

तिची मैत्रीण शार्लट २७ वर्षांची आहे. दिसायला साधी, हाती पैसा नाही. ती त्याच कॉलिन्सला लगेच होकार देते. एलिझाबेथला धक्का बसतो, पण शार्लटला आपण काय करतोय हे पक्कं माहीत असतं. तिला स्वतःचं घर हवं आहे.

लग्नानंतरही धोका संपत नव्हता. वेगळी तजवीज करून ठेवली नसेल, तर तेव्हाच्या इंग्लिश कायद्यानुसार बायकोचा पैसा नवऱ्याच्या ताब्यात जायचा. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी ही स्थिती बदलली. विकहॅम डार्सीच्या धाकट्या बहिणीला पळवून नेऊ पाहतो ते याच कारणाने. तिच्या नावावर ३० हजार पाउंड असतात.

ऑस्टिनच्या घरातलीच गोष्ट

ऑस्टिनला हे सगळं ऐकीव नव्हतं. तिची आत्या फिलाडेल्फिया १७५२ साली एकटी जहाजाने भारतात आली. जवळ पैसा नव्हता. पुढच्याच वर्षी तिने ईस्ट इंडिया कंपनीतल्या एका सर्जनशी लग्न केलं. नवरा शोधायला भारतात येणाऱ्या इंग्लिश मुलींपैकी ती एक होती.

खुद्द जेनला १८०२ साली हॅरिस बिग-विदर या मोठ्या इस्टेटीच्या वारसाने मागणी घातली. तिने होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. १८०५ साली वडील गेले. त्यानंतर आई, बहीण आणि ती भावांच्या मदतीवर राहिल्या. १८०९ साली एका भावाने चॉटन गावात घर दिलं, तेव्हा कुठे बस्तान बसलं. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क तिने अवघ्या ११० पाउंडांना विकून टाकले, त्यामुळे पुढच्या आवृत्त्यांचा फायदा प्रकाशकाला झाला. आज ब्रिटनच्या १० पाउंडांच्या नोटेवर तिचाच चेहरा आहे.

पडद्यावर काय बदललं?

पिरियड ड्रामा पाहताना मूळ कथेत काय होतं हे शोधण्यातही मजा असते. १९९५ च्या बीबीसी मालिकेत डार्सी तळ्यात उडी मारतो, तो प्रसंग कादंबरीत नाही. पावसातला तो गाजलेला सीनही नाही. कादंबरीत डार्सी पहिल्यांदा मागणी घालतो ती बंद खोलीत, शार्लट आणि कॉलिन्सच्या घरी. जिथे मैत्रिणीने सुरक्षितता निवडली, त्याच घरात एलिझाबेथ १० हजार पाउंडांना नाही म्हणते. पावसात हा संदर्भ वाहून जातो.

आपल्याला हे जवळचं का वाटतं?

१९८५ साली दूरदर्शनवर याच कादंबरीवर बेतलेली ‘तृष्णा’ ही हिंदी मालिका आली होती. ‘आयशा’सारखे सिनेमेही ऑस्टिनच्याच कथांवरून आले. लग्न जुळवण्याची घाई, शेजाऱ्यांची चौकशी, स्थळाचं ‘पॅकेज’ हे आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही.

वारशाचा प्रश्नही तितकाच ओळखीचा आहे. महाराष्ट्राने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क १९९४ साली दिला, तोही त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशभरात हा हक्क २००५ साली आला. तरीही अनेक घरांत बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. नाही म्हटलं तर माहेर तुटेल ही भीती असतेच.

म्हणून पुढच्या वेळी मिसेस बेनेट आरडाओरडा करताना दिसली, तर हसा जरूर. फक्त त्या घरात कायद्याने उद्या कोण राहणार आहे, हेही लक्षात ठेवा.