टाकीच्या तळाशी

जुन्या गाड्यांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुधा रंग, क्रोम आणि मालकाच्या हौसेविषयी असते. पण गाडी पुन्हा धावणार की दारात शोभेला उभी राहणार, हे पुष्कळदा पेट्रोलच्या टाकीवर ठरते. अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. मिस्त्रींशेजारी उभे राहून आणि हात काळे करून हा विषय शिकलो.

प्रीमिअर पद्मिनीचेच उदाहरण घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपताच २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. आता उरल्या त्या हौशी लोकांच्या, बहुतेक काळ उभ्या असणाऱ्या. आणि टाकी गंजते ती धावताना नव्हे, उभी राहून.

अर्धी रिकामी टाकी जणू श्वास घेते. दिवसा तापली की आतली हवा बाहेर जाते, रात्री निवली की दमट हवा आत येते. पत्र्यावर दव धरते आणि पेट्रोलपेक्षा जड असलेले पाणी तळाशी बसते. शिवाय पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते. पाणी फार झाले की दोघे मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळ गाठतात. तिथे तयार झालेला गंजाचा चुरा कार्ब्युरेटरची बारीक भोके बुजवतो.

उपाय घाईचे आहेत, तसे संथही आहेत. हायड्रोक्लोरिक ॲसिड काही तासांत गंज उतरवते, पण चांगला पत्राही खाते. आधीच झिजलेल्या टाकीला मग सुईच्या टोकाएवढी भोके पडतात. संथ उपाय आपल्या उसाच्या मुलखातला आहे. एक भाग मळी आणि सुमारे नऊ भाग पाणी टाकीत दोन-तीन आठवडे ठेवले, तर मळीतले सेंद्रिय घटक गंजातले लोखंड धरून पाण्यात ओढतात. चांगल्या पत्र्याला फारसा धक्का लागत नाही. वास मात्र असह्य येतो. गंमत अशी, की टाकीत पाणी ओढणारे इथेनॉलही काही अंशी याच मळीतून येते.

एक गोष्ट मात्र जिवावर बेतणारी आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक. भरलेल्या टाकीत हवेला जागा थोडी आणि वाफ इतकी दाट, की सहसा पेट घेत नाही; रिकाम्या टाकीत मात्र उरलेली वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण तयार होऊ शकते. म्हणून 'धुऊन ठेवलीय, आता वेल्डिंग करू' असे कोणी म्हणाले, तर त्याला थांबवा. हे काम जाणकाराकडेच द्यावे. जुन्या टाक्यांना आतून शिसे-कथलाचा मुलामा असे. त्यामुळे धुतलेले पाणीही गटारात सोडू नये.

गंज उतरल्यावर टाकी धुवून लगेच वाळवावी लागते, नाहीतर उघड्या पत्र्यावर तासाभरात नवा तांबूस थर चढतो. आतून लेप द्यायचा असेल तर तो पूर्ण स्वच्छ पत्र्यावरच द्यावा. गंजावर दिलेला लेप पापुद्र्यांसारखा सुटतो आणि तोच पुढे नळीत अडकतो. त्यानंतरचा इलाज सगळ्यात स्वस्त: टाकी शक्यतो भरलेली ठेवावी आणि गाडी महिन्यातून दोनदा तरी फिरवून आणावी.