स्टेपनीची जागा

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपची स्टेपनी मागच्या पत्र्यावर उजवीकडे असे आणि तिच्या शेजारी इंधनाचा कॅन. त्या जीपला मागे उघडणारी फळी नव्हती, त्यामुळे पत्रा मोकळाच होता. 1945 मध्ये तीच जीप सीजे-2ए या नावाने शेतकऱ्यांसाठी आली, माल चढवायला-उतरवायला मागे फळी बसली आणि स्टेपनीला गाडीच्या उजव्या कुशीवर सरकावं लागलं. 1948 मध्ये आलेल्या लँड रोव्हरच्या पुढच्या कित्येक गाड्यांनी ती बॉनेटवर वाहिली. आज नाशिकला तयार होणारी थार, मारुतीची जिम्नी आणि फोर्सची गुरखा ती मागच्या दरवाज्यावर टांगतात. स्कॉर्पिओ आणि फॉर्च्युनर पोटाखाली ठेवतात. पाऊणशे वर्षांत एकमत झालेलं नाही, कारण स्टेपनीची जागा ठरवताना बहुतेक वेळा विचार होतो तो धावत्या गाडीचा: तिथे ती कशाच्या आड येणार नाही, एवढाच. डोंगरात, ओढ्यात, रेतीत शिरणाऱ्या गाडीसाठी मात्र थांबलेल्या गाडीपासून सुरुवात करायला हवी. चाक बसलं आहे, गाडी कललेली आहे, माणूस एकटा आहे. अशा वेळी स्टेपनी हाती कुठून लागेल?

शहरातल्या गाडीला हा प्रश्न फारसा पडत नाही. जुलै 2020 मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियम बदलले. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असेल, तर साध्या प्रवासी मोटारीला स्टेपनीची सक्ती उरली नाही. रस्त्यावरचा खिळा बहुधा टायरच्या तळव्यात घुसतो आणि ते भोक किटने बुजतं. ऑफरोडिंगमध्ये पकड वाढावी म्हणून हवा मुद्दाम कमी केली जाते, टायरची कूस फुगून बाहेर येते आणि कातळाची धार नेमकी तिथेच लागते. कुशीचा काप त्या किटने भरत नाही. बारीक, तात्पुरती स्टेपनीही इथे कामाची नाही. थार किंवा जिम्नीमध्ये फोर-व्हील ड्राइव्ह लावला की पुढचे आणि मागचे शाफ्ट एकाच वेगाने फिरायला जखडले जातात. एक चाक लहान असेल, तर त्या फरकाचा ताण गिअरांवर साठत जातो. म्हणजे पूर्ण मापाचं चाकच हवं. थारच्या 255/65 आर 18 टायरचा व्यास हिशेबाने 79 सेंटीमीटरच्या जवळ येतो आणि रिमसकट वजन 30 किलोच्या आसपास धरावं लागतं.

पोटाखालची जागा वरवर पाहता शहाणपणाची आहे. वजन खाली राहतं, डिकी मोकळी राहते, मागची काच झाकत नाही. पण ती काढायची कशी, ते पाहा. बंपरवरच्या भोकातून लांब दांडा घालून गरगर फिरवायचा, मग साखळीला किंवा तारेला लटकलेलं चाक हळूहळू खाली येतं. त्याला खाली यायला जागा लागते. गाडी चाकोरीत रुतली असेल तर ही जागाच नसते; आणि मागचं चाक बसलं असेल, तर स्टेपनी जिथे आहे नेमका तोच भाग आणखी खाली गेलेला असतो. जॅकवर तोललेल्या गाडीखाली हात घालणं हे कुणीच करू नये, आणि ही रचना अडचणीतल्या माणसाला त्याच मोहात पाडते. कोकणात पावसाळाभर तांबडा चिखल आणि किनाऱ्यालगतची खारी हवा त्या साखळीला आणि फिरकीला खात राहते; वर्षानुवर्षं न फिरवलेली फिरकी गरजेच्या दिवशी फिरेलच असं नाही. शिवाय ओढ्यातून वर चढताना गाडीची शेपटी काठाला घासू नये, यासाठी मागचा भाग उंच हवा. पाच दरवाज्यांच्या जिम्नीला मागच्या बाजूला 50 अंशांचा कोन मिळतो, याचं एक कारण तिच्या मागच्या बंपरखाली चाक लोंबत नाही, हे आहे.

टपावर स्टेपनी ठेवली की गाडी उलटते, असं सर्रास सांगितलं जातं. गणित तेवढं भयंकर नाही. 1800 किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 70 सेंटीमीटरवर आहे आणि 30 किलोचं चाक 190 सेंटीमीटरवर ठेवलं असं धरा. गुरुत्वमध्य जेमतेम दोन सेंटीमीटर वर सरकतो. टपावर एकटी स्टेपनी क्वचितच राहते, तिच्या सोबतीला कॅन, तंबू, पेट्या येतात, हे खरं. तरी माझा आक्षेप वेगळा आहे. तिरक्या उतारावर एकट्या माणसाने 30 किलोचं चाक डोक्यावरून उतरवायचं आणि फाटलेलं चाक पुन्हा वर चढवायचं, हे सगळ्यांना जमणारं काम नाही. बॉनेटवरचं चाक चढावर समोरची जमीनच झाकतं. आत ठेवलेलं चाक पक्कं बांधलं नसेल, तर अपघातात बसलेल्यांच्या पाठीवर येतं, आणि पक्कं बांधलं तर सामानाखाली गाडलं जातं.

उरतो मागचा दरवाजा, आणि मला तोच योग्य वाटतो. चाक कमरेच्या उंचीवर, उभं, चिखलाच्या वर. नट सोडवायला वाकावंही लागत नाही. यावरचे आक्षेप खोटे नाहीत. लोंबणाऱ्या वजनाने गाडीचं तोंड हलकं होतं, हा त्यातला एक. थारचा व्हीलबेस 2450 मिलिमीटर आहे. मागच्या आसापासून एक मीटर मागे 30 किलो टांगले, तर मागच्या आसावर सुमारे 42 किलो वाढतात आणि पुढचा आस 12 किलोंनी हलका होतो. पुढच्या सीटवरचा एक माणूस याहून मोठा फरक पाडतो. मागचं दिसत नाही, हा आक्षेप अधिक खरा आहे. कॅमेऱ्याने तो बराच निवतो, पण चिखल उडालेल्या कॅमेऱ्याने नाही. मागून ठोकर बसली तर चाक आधी दरवाज्यात घुसतं, हेही मान्य करायला हवं. टाटा सफारीचा दाखलाही दिला जातो: 1998 च्या सफारीची स्टेपनी मागच्या दरवाज्यावर होती, 2012 च्या स्टॉर्ममध्ये ती पोटाखाली गेली. मुख्यतः डांबरी रस्त्यावर कुटुंब घेऊन धावणाऱ्या गाडीसाठी तो निर्णय बरोबरच होता. तिचं चाक बसलं तरी पायाखाली सपाट जमीन असते. दाकार रॅलीतल्या गाड्या स्टेपन्या खाली, मध्याजवळ ठेवतात, असंही कुणी म्हणेल. पण त्या गाड्यांना अंगचे हायड्रॉलिक जॅक असतात, आणि आत दोन सराव केलेली माणसं. आपल्याकडे घाटाखालच्या पाणंदीत अडकलेल्याजवळ पाना असतो आणि कात्रीसारखा उघडणारा छोटा जॅक.

खरी अडचण बिजागरीची आहे, आणि ती मालक स्वतः ओढवून घेतो. मूळ दरवाजा कारखान्याच्या चाकाचं वजन हिशेबात धरून केलेला असतो. हौसेने मोठे टायर बसवले की स्टेपनीही तेवढीच मोठी घ्यावी लागते. 10-12 किलो वाढले की खडबडीत वाटेवरचा प्रत्येक दणका बिजागरीवर पडतो. दरवाजा आधी खडखडतो, मग लोंबतो, मग पत्रा चिरतो. उतारावर कललेल्या गाडीचा असा जड दरवाजा कडी सुटली की स्वतःच झोकात उघडतो किंवा हातावर आदळतो. अशा गाडीला चासीला जोडलेल्या भक्कम बंपरवर वेगळी फिरती चौकट करून घ्यावी, म्हणजे चाकाचं वजन चासीवर जाईल आणि दरवाजा फक्त दरवाज्याचं काम करील. त्या चौकटीला उघड्या स्थितीत धरून ठेवणारी खीळ मात्र हवीच, आणि स्टेपनीचा नट पावसाळ्यापूर्वी एकदा सोडवून, वंगण लावून परत आवळायला हवा.