पर्समधलं रिव्हॉल्वर : घ्यायचं की नाही, आणि घ्यायचंच तर कोणतं?



आजचा विषय आपल्या नेहमीच्या विषयांपेक्षा वेगळा आहे. पर्समध्ये किंवा कमरेला, कुणाला दिसणार नाही असं रोज जवळ बाळगायचं रिव्हॉल्वर. कुठे काही वाईट घडल्याची बातमी आली, की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. “बाईने जवळ एक रिव्हॉल्वर ठेवलं तर काय बिघडलं? आणि ठेवायचं तर कोणतं ठेवावं?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोल्हापुरातलं काम आटोपून रात्री वाठारला उतरायचं आणि कोडोलीच्या गाडीची वाट बघायची, हे जिच्या वाट्याला येतं तिला भीती काय असते ते ठाऊक असतं. म्हणून आज नीट समजून घेऊ.

आपल्या देशात खास बायकांसाठी म्हणून रिव्हॉल्वर निघालेलं आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीच्या बसमध्ये जे घडलं, त्यानंतर वर्षभराने, म्हणजे जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्वर विकायला काढलं. .३२ बोअरचं, सहा गोळ्यांचं, वजन सुमारे अर्धा किलो. टायटॅनियमचा मिश्रधातू वापरून ते हलकं केलं होतं. किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास होती, म्हणजे एका चांगल्या दुभत्या म्हशीचे पैसे. त्यानंतर पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याने ‘निडर’ काढलं, ते .२२ बोअरचं आणि त्याहून हलकं.

‘निर्भीक’ आलं तेव्हाच त्यावर वादही झाला. मणिपूरमध्ये गोळीबारात घरचा माणूस गमावलेल्या बायकांसाठी काम करणाऱ्या बीनालक्ष्मी नेप्राम यांनी त्यावर कडाडून टीका केली. बंदुका वाढल्या की बायका सुरक्षित होत नाहीत, हे त्यांनी त्या राज्यात जवळून पाहिलं होतं.

आता हत्याराकडे वळू. दुकानात गेल्यावर हातात घेऊन काय बघायचं?

पहिलं, वजन. हलकं ते चांगलं, असं आपल्याला वाटतं. पण गोळी सुटते तेव्हा हत्यार मागे धक्का मारतं. गोळी तीच आणि हत्यार हलकं असेल, तर धक्का जास्त बसतो. पर्समध्ये जे हलकं वाटतं, तेच उडवताना मनगटाला झटका देतं आणि दुसरी गोळी भलतीकडे जाते. .२२ चा धक्का कमी असतो, .३२ चा जास्त. साध्या परवान्यावर रिव्हॉल्वरमध्ये मुख्यतः हे दोनच बोअर समोर येतात.

दुसरं, नळी आणि मूठ. लपवायला सोयीचं म्हणून नळी आखूड करतात. पण नळी आखूड झाली की नेम धरायच्या दोन खुणा जवळ येतात आणि हाताची जराशी चूकही मोठी होते. मूठ लहान असेल तर करंगळीला जागा उरत नाही. पकड पूर्ण बसते का, ते आपल्या हाताने बघायचं. नवऱ्याच्या किंवा भावाच्या हाताने नाही.

तिसरं, चाप. रिव्हॉल्वरचा घोडा आधी मागे न ओढता थेट चाप दाबला, तर त्याला बराच जोर लागतो. चुकून गोळी सुटू नये म्हणून हा जडपणा चांगलाच. पण बोटात तेवढा जोर नसेल तर चाप दाबताना नळीच हलते. घोडा बाहेर आलेला असेल तर तो पदरात किंवा ओढणीत अडकतो. घोडा आत झाकलेली रिव्हॉल्वरंही असतात, त्यांचा हा त्रास नसतो. जुनं रिव्हॉल्वर घेणार असाल तर खाली पडल्यावर आपोआप गोळी सुटणार नाही अशी सोय त्यात आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्यायचं.

चौथं, ते ठेवायचं कुठे. पट्ट्याला लावायचं म्यान पँटसाठी केलेलं असतं. साडीच्या निऱ्यांवर ते नीट बसत नाही. मग उरते पर्स. पर्समध्ये किल्ल्या, मोबाईल, गोळ्या-औषधं, मुलाचा खाऊ. या सगळ्यातून ऐन वेळी रिव्हॉल्वर हाताला यायला हवं. अमेरिकेत डेनिस ट्युलर नावाच्या पोलीस प्रशिक्षकाने १९८३ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. एकवीस फुटांवरचा माणूस धावत अंगावर यायला सुमारे दीड सेकंद घेतो. एकवीस फूट म्हणजे साधारण आपल्या दारापासून समोरच्या घराच्या पायरीपर्यंतचं अंतर. दीड सेकंदात पर्सची चेन तरी उघडते का, हे प्रत्येकीने घरी एकदा करून बघावं.

आणि पर्स काही सारखी खांद्याला नसते. ती खाली ठेवली जाते, लेकराच्या हाताला लागते. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात एक आई मुलांना घेऊन दुकानात खरेदीला गेली होती. शस्त्र ठेवण्यासाठी खास कप्पा असलेली पर्स तिला नाताळची भेट मिळाली होती. दोन वर्षांच्या मुलाने त्या पर्समध्ये हात घातला, चाप ओढला गेला आणि आई जागीच गेली. ती बाई अडाणी नव्हती, शास्त्रज्ञ होती. हत्यार हाताळायची तिला सवयही होती.

सवयीवरून आपल्या जिल्ह्याची गोष्ट सांगते. नेमबाजीत कोल्हापूरच्या लेकींनी नाव काढलंय. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. राहीचं पिस्तूलसुद्धा .२२ बोअरचंच. पण त्यामागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव आहे, आणि तोही शांत जागी, स्थिर उभं राहून. अंधारात, घाबरलेल्या मनाने, अंगाशी झटापट चालू असताना नेम धरणं त्याहून कितीतरी अवघड. सराव केलाच नाही तर रिव्हॉल्वर पर्समधलं वजन होऊन बसतं. झटापटीत ते समोरच्याच्या हातात गेलं, तर त्याहून वाईट.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय रिव्हॉल्वर बाळगणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन वर्षांची कैद आहे. वय एकवीस पूर्ण लागतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. पोलीस चौकशी करून अहवाल देतात. शरीर आणि मन ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला लागतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि घरात ते कुलपात सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. जिवाला धोका आहे हे पटवावं लागतं. ‘भीती वाटते’ एवढ्यावर परवाना मिळेलच असं नाही. मिळाला तर तो पाच वर्षांचा असतो, पुढे नूतनीकरण. बाहेर नेताना हत्यार म्यानात, झाकलेलं आणि आपल्या ताब्यात हवं. लग्नात, वरातीत हवेत बार काढला तर त्याची वेगळी शिक्षा आहे.

एक गोष्ट तर लिहूनच ठेवा. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नावावर नाही. नवऱ्याच्या परवान्यावरचं रिव्हॉल्वर बायकोने “आज उशीर होणार आहे” म्हणून पर्समध्ये टाकून नेलं, तर तो गुन्हाच.

स्वसंरक्षणाचा हक्क मात्र प्रत्येकीला आहे. नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ पासून ४४ पर्यंत तो दिला आहे. बलात्काराचा हल्ला, ॲसिडचा हल्ला, जीव जाईल अशी भीती, या प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी हा हक्क लागू होतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायला कायदा परवानगी देत नाही. पळून जाणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर उत्तर आपल्याला द्यावं लागतं.

एवढं सगळं ऐकल्यावर ‘कोणतं घ्यावं’ याच्याही आधीचा प्रश्न येतो. आपल्याला भीती नेमकी कुणाची आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अलीकडचे अहवाल बघा. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी बाईच्या ओळखीतला असतो. घरचा, शेजारचा, कामावरचा, मैत्रीतला. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी शंभरात सुमारे एकोणतीस जणींनी नवऱ्याकडून मारहाण किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. ज्याच्यासोबत एका छपराखाली राहायचं, त्याच्यासाठी पर्समधलं रिव्हॉल्वर काय कामाचं? उलट घरात रोज भांडण असेल, दारू असेल, तर कपाटातलं हत्यार कुणाच्या हाताला आधी लागेल याचा विचार करा.

म्हणून तीन प्रश्न स्वतःला विचारा. मला धोका कुणापासून आहे? तो आला तर हत्यार वेळेत हातात येईल का, आणि तेवढा सराव मी करणार आहे का? रात्री ते कुठे राहील आणि घरातलं कोण तिथपर्यंत पोहोचेल? तिन्हींची उत्तरं पक्की असतील, धमक्या खऱ्या असतील, तर परवान्याचा अर्ज जरूर करा. मग आपल्या हाताला पूर्ण बसणारं, ज्याचा चाप सहज दाबता येतो आणि ज्याचा धक्का सोसतो असं रिव्हॉल्वर निवडा. नुसतं हलकं आणि देखणं बघू नका. मिळालेल्या धमक्यांची तक्रार कोडोली पोलीस ठाण्यात लेखी देऊन पोच घ्या. अर्जालाही तीच कामाला येते.

ज्यांची उत्तरं पक्की नाहीत, त्याही रिकाम्या हाताने नाहीत. तातडीच्या मदतीला ११२, महिला हेल्पलाईनला १८१. दोन्ही नंबर फोनमध्ये आजच घाला. वाटेत छेडछाड होत असेल तर जिल्हा पोलिसांचं निर्भया पथक आहे. घरातला त्रास असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी आहेत. त्यांच्याकडे वकिलाशिवायही जाता येतं. मिरपुडीच्या फवाऱ्याला परवाना लागत नाही. तोही एकदा मोकळ्या जागी, वाऱ्याची दिशा बघून वापरून बघा. आणि रात्री उशिरा येणाऱ्या दोघी-तिघींनी एकमेकींच्या गाडीच्या वेळा सांगून ठेवा. एक पोचली नाही, तर दुसरीने फोन करायचा.

आजचं ऐकलेलं घरात बोला. विशेषतः ज्या घरात परवान्याचं हत्यार आधीपासून आहे, त्या घरात आज रात्री एवढंच विचारा, की त्याची किल्ली कुठे असते आणि ती मुलांना माहीत आहे का?